पाचांच्या घरी दोघांचा पुडा

विश्वास कोणावर ठेवायचा, तुम्हीच सांगा: "आमच्या घरात माणसं चार" असं छातीठोकपणे सांगणाऱ्या यजमानावर, की त्याच्या दारात आलेल्या पाच चॉकलेटांच्या पुड्यावर? धामणपेठेत हा प्रश्न कोणी विचारत नाही. तिथे मन्मथअप्पा कोऱ्यांच्या दुकानातून भेट म्हणून गेलेल्या पुड्यात जितकी चॉकलेटं असतात, तितकीच माणसं त्या घरात असतात. आधी नसली, तर नंतर असतात.

पेठ बार्शी रोडवर आहे आणि चॉकलेट हा काही तिथल्या हवेचा जिन्नस नव्हे. फेब्रुवारीपासून तिथे मेणबत्तीसुद्धा उभी राहत नाही. अप्पांच्या वडिलांचा धंदा बत्ताशांचा, रेवड्यांचा, पाडव्याच्या गाठींचा. अप्पा शाळेत फारसे रमले नाहीत, पण साखरेचा पाक बोटांत धरून तो कितपत आलाय हे त्यांना लहानपणीच कळत होतं. त्या जोरावर त्यांनी चॉकलेट आपलं आपणच शिकून घेतलं. पातेल्यात पाणी, त्यावर दुसरं भांडं, भोवती ओलं गोणपाट. पहिल्या खेपेला जे जमलं ते इतकं टणक होतं, की पोस्टातल्या बिडवे मास्तरांनी ते टपालावर वजन म्हणून ठेवलं आणि निवृत्त होताना पुढच्या मास्तरांच्या ताब्यात दिलं. पुढे हात बसला. काजूचं, नारळाचं, गुलकंदाचं, खजुराचं, आल्याचं, तिळाचं आणि नुसतं कडू, अशा परातींची ओळ काचेमागे लागली.

हा पुड्याचा प्रकार केव्हा सुरू झाला ते अप्पांना सांगता येत नाही. गाठी विकत होते तोवर नव्हता, एवढं नक्की.

प्रकार सरळ आहे. स्वतःला खायला नेलं तर काही होत नाही. दुसऱ्याच्या घरी, हातातून हातात दिलं, त्या घरच्यांनी घेतलं, उघडून वाटलं, की घर पुड्याशी जुळतं. चॉकलेटं जास्त असली तर कमी पडलेली माणसं आतल्या खोलीतून येतात आणि आपापलं उचलतात. चॉकलेटं कमी असली तर ज्याच्या वाट्याला आलं नाही, तो नसतो. दोन्ही वेळा घरच्यांना वाटतं की आपल्याकडे पहिल्यापासून असंच आहे. आधीचं आठवतं ते फक्त ज्याने पुडा भरला त्याला, म्हणजे अप्पांना. दुकानात त्यांनी कधी माणूस ठेवलं नाही ते याच कारणाने. हे ओझं पगारावर कोणाला उचलायला सांगावं असं नव्हे.

तेव्हा पेठेला हे सगळं ठाऊक आहे, ते अप्पांनी सांगितलं म्हणून. आणि अप्पा सांगतात ते खरं मानायचं, असा पेठेचा शिरस्ता आहे. देशमुख वकिलांना अप्पांनी एकदा गाठून सांगितलं, "वकीलसाहेब, तुमच्याकडचे मधुकाका गेल्या संक्रांतीला आल्याच्या चॉकलेटातून आलेत." वकील म्हणाले, "असेल." मधुकाका शेजारीच होते. तेही म्हणाले, "असेल बाबा. पण नळाला पाणी आलंय, आधी ते भरू द्या." स्वभावाने जरा झणझणीत, पण माणूस कामाचा.

यातली गोम ही, की असलेल्या माणसांना चव कुठलीही चालते. नसलेलं माणूस यायचं असेल, तर ते पुड्यात घातलेल्या चवीसारखं येतं. कासारांच्या बाबतीत हे कळलं. त्यांच्या मेहुण्याने पुडा नेताना घरात माणसं पाच सांगितली. होती सहा. सहावे म्हणजे कासारांचे चुलते. त्यांच्याशी त्याचं बांधावरून बिनसलं होतं, म्हणून त्याने त्यांना मोजलं नाही. अप्पांनी नंतर कासारांना सांगितलं. "तुमच्याकडे सहावा तांब्या घासून ठेवता ना रोज? त्याचे मालक होते." कासारांनी सहाचा पुडा मागवला. चुलत्यांना काय आवडायचं ते कोणाला माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. अप्पांनी अंदाजाने खजुराचं घातलं. आले ते गृहस्थ चांगले आहेत. भजनाला पेटी वाजवतात. पण हे आधीचे चुलते नव्हेत. अप्पांनी तसं सांगितल्यावर कासार म्हणाले, "चालतंय की."

म्हणून अप्पांच्या दुकानात चॉकलेट निवडणं म्हणजे स्थळ बघण्याइतकं चालायचं. त्या दिवशी सकाळी हेमा बारबोले आली होती. भावाच्या घरी जायचं होतं.

"माणसं किती?" अप्पांनी विचारलं.

"चार. म्हणजे आमची आई निम्मं वर्ष धाकट्याकडे असते."

"आत्ता कुठं आहेत?"

"धाकट्याकडे."

"मग तीन."

"पण परवा यायचीय ना ती!"

"मग परवानंतर द्या. आई घरात आल्यावर, पिशवी आत ठेवल्यावर."

"आणि वहिनी गरोदर आहे, अप्पा. सातवा लागलाय. ते धरायचं का?"

"पोटातलं धरत नाही," अप्पा म्हणाले. "धरलं तर स्वतः येऊन उचलतं. एकदा झालंय."

हेमाने पदर सावरला. "चारच द्या," ती म्हणाली. "आणि चांगली रिबीन लावा हो, मागच्या वेळी तुम्ही सुतळी लावली होती. वहिनीनं वर्षभर ऐकवलं."

आता आपल्याकडची चाल तुम्हाला माहीतच आहे. आहेरात आलेला ब्लाउजपीस कोणी शिवत नाही. तो पुढच्या ओटीत जातो, तिथून त्याच्या पुढच्या. टॉवेल-टोपीचं तेच. धामणपेठेत एक फिका जांभळा ब्लाउजपीस आहे, तो सगळ्या घरांतून जाऊन आलाय आणि बायका त्याला लांबून ओळखतात. चॉकलेटच्या पुड्याचं तसं होऊ नये म्हणून अप्पांनी दुकानात मोठी पाटी लावली: 'आलेला पुडा पुढे देऊ नये.' पेठेने ती पाळली. एकच घर असं होतं जिथलं कोणी ती पाटी वाचायला दुकानात येत नव्हतं, आणि ते अप्पांचं.

झालं असं, की बँकेत नवे साहेब बदलून आले. लातूरकडचे, रीतभात जाणणारे. एका व्यापाऱ्याच्या घरी ओळख करून घ्यायला जायचंय, नवरा-बायको दोघंच असतात, असं म्हणून त्यांनी अप्पांकडून दोनाचा पुडा भरून घेतला. संध्याकाळी तोच पुडा घेऊन ते अप्पांच्याच दारात उभे. अप्पांना हसू आलं. गिरिजाबाईंनी चहा केला, पुडा फळीवर ठेवला, साहेब गेले. दोघांनाही साखरेचा त्रास, त्यामुळे पुडा तसाच राहिला.

हेमा गेल्यावर अप्पा जेवायला घरी आले. जेवण झालं, हात धुताना नजर फळीकडे गेली.

"बँकेच्या साहेबांचा पुडा कुठाय गं?"

"दिला," गिरिजाबाई आतून म्हणाल्या.

"कोणाला?"

"काल विहीणबाई आल्या होत्या. भाजीला म्हणून निघाल्या होत्या, दोन मिनिटं टेकल्या. लेकीच्या सासूला रिकाम्या हातानं लावून द्यायचं का? घरात दुसरं काही नव्हतं."

"तो दोघांचा होता, गिरिजा."

"तेच म्हणते मी! देताना मलाच लाज वाटली. दुकान आपलं, आणि पुडा बघावा तर काड्यापेटीएवढा. त्या चांगल्या म्हणून काही बोलल्या नाहीत."

"हिंगमिऱ्यांकडे माणसं पाच आहेत."

आत भांड्यांचा आवाज थांबला. महानंदा, म्हणजे अप्पांची एकुलती लेक. तिचा नवरा विश्वंभर, त्यांची सात वर्षांची शर्वरी, आणि सासू-सासरे. गिरिजाबाई पदराला हात पुसत दारात आल्या.

"अर्धं अर्धं करून खाल्लं असेल," त्या म्हणाल्या. "अर्ध्याचं काय होतं?"

"माहीत नाही. अजून कोणी केलेलं नाही."

"मग बसलाय काय? जा की! आणि टोपी घाला, ऊन बघा केवढं."

हिंगमिऱ्यांचं घर पाण्याच्या टाकीमागे. अप्पांनी लूना काढली. पेठ दुपारची झोपलेली होती. अप्पांच्या मनात एकच होतं, की त्या घरात पुड्याला अजून हात लागलेला नसावा. विहीणबाई विमलाक्का तशा जपून ठेवणाऱ्या. मागे दिवाळीचं उटणं त्यांच्याकडे होळीला सापडलं होतं.

फाटकाशीच तारेवर कपडे वाळत होते. मर्दानी दोन पँटी, शाळेचा निळा फ्रॉक, आबोली रंगाचा गाऊन. विमलाक्का एकेक काढून खांद्यावर टाकत होत्या. ओसरीत व्याही सोमनाथअण्णा वर्तमानपत्राने वारा घेत बसले होते.

"या या, कोरेशेठ," अण्णा म्हणाले. "आज इकडं कुठं वाट चुकला?"

अप्पा पायरीवरच थांबले. नऊ वर्षांत अण्णांनी त्यांना व्याहीबुवांखेरीज दुसरी हाक मारली नव्हती.

"पुडा उघडला का?" त्यांनी विचारलं.

"हा काय, आत्ताच. जेवण झाल्यावर एक हिनं घेतलं, एक मी. खजुराचं होतं. बेस होतं हो!" पाटावर चंदेरी कागदाच्या दोन गोळ्या पडल्या होत्या. "तुमच्या मंडळींनी आठवणीनं दिला. नाहीतर आम्हा दोघा म्हाताऱ्यांना कोण देतंय?"

"महानंदा कुठाय, अण्णा?"

"कोण?"

"विश्वंभर? शर्वरी?"

अण्णांनी बायकोकडे पाहिलं. विमलाक्का कपडे घेऊन ओसरीत आल्या आणि अप्पांकडे काळजीने बघत खाली बसल्या. त्यांनी निळा फ्रॉक मांडीवर घेतला, बाह्या आत घातल्या आणि व्यवस्थित घडी केली.

"हे कपडे कोणाचे, अक्का?"

"आमच्याकडचेच," त्या म्हणाल्या. "नेहमीचेच आहेत."

"घालतं कोण?"

"घालायला कोण आहे, शेठ, आम्हा दोघांशिवाय? पण मळले की धुवायला नकोत का?" त्यांनी गाऊन उचलला आणि झटकला.

अप्पा परत निघाले. घरी येईपर्यंत शर्टाची पाठ ओली झाली होती. गिरिजाबाई माठातलं पाणी घेऊन आल्या, वाटीत गुळाचा खडा.

"उन्हाचं कुठं गेला होता?"

"हिंगमिऱ्यांकडं. तूच पाठवलंस."

"मी? टाकीमागच्या हिंगमिऱ्यांकडं? माझं काय काम अडलंय त्यांच्याशी? काल इथून जाताना टेकल्या, पुडा दिला, बास."

"गिरिजा, आपली महानंदा त्या घरात—"

"कोण महानंदा?"

अप्पांनी भिंतीकडे बोट केलं. तिथे लग्नातला फोटो होता. मुंडावळ्या बांधलेली महानंदा जरा डोळे बारीक करून कॅमेऱ्याकडे बघत होती. काच लख्ख होती. गिरिजाबाई ती रोज पुसत असत.

"ती होय," त्या म्हणाल्या. "फ्रेमबरोबर आलेली असेल. चेहरा गोड आहे म्हणून मी काढली नाही." मग त्यांनी हळूच अप्पांच्या कपाळाला हात लावून पाहिला. "अहो, ऊन लागलं तुम्हाला. आपल्याला कुठं आलंय मूलबाळ."

हे त्यांनी फार सहज सांगितलं. इतक्या वर्षांत ज्याचं दुःख करून संपलंय असं काहीतरी सांगावं, तसं. अप्पांनी गूळ तोंडात टाकला, पाणी प्यायले आणि दुकान उघडायला गेले.

वेळेआधी फळ्या काढल्या. पाचाचा पुडा घेतला, आत पांढरा कागद घातला. अण्णांना कडू, विमलाक्कांना गुलकंदाचं. ती दोघं होतीच, त्यांची काळजी नव्हती. विश्वंभराला काजू. तो दुकानात आला की उभ्याउभ्या काजूचं एक उचलायचा आणि "सासरेबुवा, हे मोजू नका" म्हणायचा. शर्वरीला नारळाचं, ती आधी वरचं चॉकलेट दातांनी सोलून काढायची आणि मग पांढरा गोळा हातावर ठेवून सगळ्यांना दाखवत फिरायची. दोघांची चव अप्पांना डोळे मिटून ठाऊक होती.

पुड्यातल्या पाचव्या घराशी हात थांबला.

महानंदाला काय आवडतं?

ते परातीसमोर उभे राहिले. पेठेतल्या कोणत्या घरात कोण कसलं खातं हे त्यांना तोंडपाठ होतं. देशमुखांची मोठी सून तिळाचं, बिडवे मास्तर दातांमुळे गुलकंदाचं. लेकीचं सांगता येईना. तिला पुडा द्यायची वेळच कधी आली नव्हती. घरच्या माणसाला कोण पुडा देतं? तिच्या लग्नात वऱ्हाडातल्या प्रत्येक घराला अप्पांनी स्वतः निवडून पुडा दिला होता, आणि ती बोहल्यावर बसून होती.

संक्रांतीला ती तिळाचं करू लागायची. पण करणं वेगळं, खाणं वेगळं. लहानपणी ती गल्ल्यामागे साखरेच्या पोत्यावर बसायची. साच्यातून काढताना चॉकलेटाचे कोपरे तुटायचे, चुरा व्हायचा. तो एका वाटीत पडायचा आणि वाटी तिच्याकडे जायची. अख्खी गिऱ्हाइकाला, फुटकी घरच्याला, ही दुकानाची रीत. "तुला हेच आवडतं ना गं?" असं अप्पांनी एकदा विचारलं होतं. तोंड भरलेलं होतं, तिने मान हलवली होती. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्यांनी तेव्हा नीट बघितलं नव्हतं.

"अप्पा, आज लवकर उघडलं?" हेमा परत आली होती. सकाळी छत्री विसरली होती.

महानंदा आणि हेमा चौथीपासून एका बाकावर. अप्पांच्या जिवात जीव आला. "हेमा, तुझ्या शेजारी शाळेत कोण बसायचं?"

"माझ्या? कोणी नाही." ती छत्री काखेत मारून हसली. "बाक दोघींचं होतं, पण मी एकटीच. सगळ्या चिडवायच्या मला. मी मात्र एका कडेलाच बसायचे, पसरून कधी बसले नाही. का कोण जाणे."

"डब्यातलं काही देत-घेत होतीस का कोणाला?"

"निम्मी पोळी रोज उरायची," हेमा म्हणाली. "का हो अप्पा?"

"काही नाही. जा तू."

ती गेल्यावर अप्पांनी खालच्या कप्प्यातून ती जुनी वाटी काढली. आजच्या साच्यातला चुरा तिच्यात होता. त्यातला जरा मोठा, दोन बाजू तुटलेला तुकडा त्यांनी उचलला. वास घेऊन पाहिला. सगळ्या परातींचा मिळून असा एक वास होता, कुठला एक सांगता येईना. फुटका तुकडा पुड्यात घालायचा नाही, हा धंद्यातला पहिला नियम. अप्पांनी तो चंदेरी कागदात गुंडाळला, कागद चारी बाजूंनी दाबून अख्ख्यासारखा केला आणि पाचव्या घरात ठेवला. रिबीन बांधताना गाठ दोनदा सुटली.

हिंगमिऱ्यांच्या ओसरीत ऊन उतरून आलं होतं. अण्णांनी पुडा हातात घेतला नाही. नुसता मान वाकडी करून पाहिला.

"हा दोघांचा दिसत नाही, शेठ."

"पाचाचा आहे."

"आम्ही दोघं."

"म्हणूनच."

अण्णा ताठ बसले. "बघा कोरेशेठ, तुमचा माझा गावातला संबंध. तुम्ही म्हणाल ते पेठ मानते, मीही मानतो. पण तीन परकी माणसं या वयात घरात घ्यायची म्हणजे... कुठली, कशी, कोण सांगावं? त्या वकिलांकडचे मधुकाका बघा. तोंड आहे का ते?"

"परकी नाहीत. तुमचा मुलगा आहे, सून आहे, नात आहे."

"आम्हाला मुलगा नाही."

"आज दुपारपर्यंत होता, अण्णा. मी सांगतोय ना."

"तुम्ही सांगता खरं," अण्णा म्हणाले, आणि वर्तमानपत्राची घडी करत बसले. "पण आम्हाला वाटायला तर पाहिजे."

हातातून हातात घेतल्याशिवाय पुडा चालत नाही. ओसरीत ठेवून निघून जाण्यात अर्थ नव्हता. अप्पा तसेच पुडा पुढे धरून उभे राहिले. पेठेतला इतका मोठा व्यापारी, पण त्या वेळी दारात वर्गणी मागायला आल्यासारखे दिसत होते.

विमलाक्का स्वयंपाकघरात उठून गेल्या. परत आल्या त्या भाकरीची टोपली घेऊन. त्यांनी ती नवऱ्यासमोर ठेवली आणि वरचं फडकं काढलं.

"आम्ही दोघं दुपारी तीन खातो," त्या म्हणाल्या. "ह्या बघा किती थापल्यात मी. पीठ घेताना मला कळलं नाही. हात गेला आणि तेवढंच पीठ आलं. ही बारकी एक बघा." टोपलीत वरच तळहाताएवढी भाकरी होती, कडा लाल भाजलेली. "एवढीशी मी कोणासाठी करते? तुम्ही खाता का हो एवढीशी?"

अण्णांनी ती उचलून तळहातावर ठेवली.

"रोज करते," विमलाक्का म्हणाल्या. "रोज संध्याकाळी गाईला घालते. आणा तो पुडा, शेठ."

त्यांनी दोन्ही हातांनी पुडा घेतला. रिबीन न कापता सोडवली आणि पुन्हा लागेल म्हणून बोटाला गुंडाळून ठेवली. आतून ताटली आणली. कडू, गुलकंद, काजू, नारळ आणि पाचवं, अशी ओळीने मांडली.

थोडा वेळ काही झालं नाही. मग आतल्या खोलीत कॉटची पट्टी कुरकुरली. कोणीतरी जांभई दिली, नळ सोडला, तोंड धुतलं. टॉवेलने मान पुसत विश्वंभर बाहेर आला, ताटलीतलं काजूचं उचललं आणि म्हणाला, "सासरेबुवा, कधी आलात? हे मोजू नका." त्याच्या मागून शर्वरी, झोपेतून उठलेली, गालावर उशीचा वळ. तिने नारळाचं घेतलं आणि सोलत बसली.

"व्याहीबुवा, उभे का?" अण्णा म्हणाले. "बसा की. अगं, चहा टाक."

अप्पांचं लक्ष दाराकडे होतं. आत बांगड्या वाजल्या. मग आबोली गाऊनवर ओढणी घेत ती आली. महानंदा. तेच कपाळ, तोच फोटोतल्यासारखा डोळे बारीक करण्याचा चाळा. "अप्पा, ह्या उन्हाचं आलात? फोन तरी करायचा," ती म्हणाली. आवाज तोच. अप्पांचे डोळे भरून आले आणि त्यांनी टोपी काढून उगाच झटकली.

ती ताटलीशी बसली. तिचा हात पाचव्या चॉकलेटाकडे गेला, कागदावर टेकला. कागदातून तुटकी कड लागली असावी. तिने तो बाजूला सारला, अण्णांचं कडू उचललं, अख्खं तोंडात टाकलं आणि डोळे मिटले.

"अण्णा, तुमचं घेतलं हं मी," ती म्हणाली. "मला कडूच आवडतं."

"माहीत आहे की सगळ्यांना," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी तो फुटका तुकडा सोलून तोंडात टाकला. "आल्यापासून माझं कडू कधी मला मिळालंय?"

अप्पांनी विचारलं, "कधीपासून गं?"

"काय कधीपासून?"

"कडू."

"लहानपणापासून, अप्पा." ती हसली. "तुम्ही कधी दिलंत का?"

अप्पांनी चहा घेतला. तिच्याकडे बघत राहिले, बशीतला चहा गार होईपर्यंत. घरी आल्यावर गिरिजाबाईंनी विचारलं, लेक बरी आहे ना. जाताना कडू चॉकलेट नेलंत की नाही. तिला दुसरं काही चालत नाही, एवढं कसं कळत नाही तुम्हाला. अप्पा म्हणाले, नेलं. फोटोची काच गिरिजाबाईंनी त्यांच्यासमोरच पुसली.

यात चूक काढायला जागा नाही. जी आली तिच्यासारखंच सगळ्यांना आठवतं, ते आठवणारच. आधीची कशी होती ते एकट्या अप्पांना आठवायला हवं, आणि आधीचीला काय आवडत होतं ते त्यांना ठाऊक नाही. कदाचित कडूच आवडत असेल. कदाचित पोत्यावर बसून चुरा खाताना तिची नजर त्याच परातीवर असेल. ते काही आता मिळवून बघता येत नाही.

तेव्हापासून अप्पा टाकीमागे जातात तेव्हा पुडा नेत नाहीत. खिशात एकच कडू चॉकलेट असतं, अख्खं, आणि ते लेकीच्या हातावर ठेवतात. ती खाते तेव्हा समोर बसून बघतात. चहात तिला साखर किती लागते, भाकरीचा पापुद्रा आधी काढते की नंतर, हेही आता त्यांना कळायला लागलंय. ती म्हणते, अप्पा म्हातारपणी फार बघत बसतात. दुकानातली चुऱ्याची वाटी त्यांनी काढून टाकली. चुरा आता मुंग्यांना जातो.

तुम्हीही कधी धामणपेठेवरून गेलात, कोणाकडे न्यायला म्हणून पुडा घ्यावासा वाटला, तर अवश्य घ्या. माल चोख आहे. अप्पा माणसं किती ते विचारतील. तेव्हा भांडण झालेला चुलता वगळू नका, आवडता पाहुणा वाढवू नका, आणि आलेला पुडा पुढे सरकवू नका. एवढी विनंती आहे, हा हिशेब प्रामाणिक ठेवा. आज जेवायला बसाल तेव्हा एकदा आपल्या घरचीही मोजून घ्या, आणि कोणाला काय आवडतं ते विचारून ठेवा. मोजताना स्वतःला धरा. पुष्कळ जण तेवढं विसरतात.